बर्लिनला येतोयस, तर आधी होस्टिंग शिक

तू लिहिलंस की खानापूरहून थेट बर्लिनला मास्टर्सला येतोयस, बेळगाव-हुबळीत इंग्रजी स्टँडअप केलंयस आणि ते सोडायचं नाही. विचारलंस, "ताई, तिकडं इंग्रजीत करायला जागा मिळंल काय? पैसे मिळतील काय? आपला उच्चार चालंल काय?" तिन्हींची उत्तरं देते. पण तू न विचारलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इकडं आल्यावर नुसता कॉमिक होऊ नकोस, होस्टिंग, म्हणजे कॉमेडीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, शिक.

जागा भरपूर आहे. नॉयकोल्न, क्रॉइत्सबर्ग, फ्रीडरिक्सहाइन या भागांत बारच्या मागच्या खोल्यांत आणि तळघरांत आठवडाभर कुठं ना कुठं इंग्रजी ओपन माइक, म्हणजे नाव देऊन कुणालाही स्टेजवर जाता येईल असा कार्यक्रम, असतो. प्रवेश बहुधा मोफत, शेवटी पैसे गोळा करायला टोपी फिरते. समोर पोलिश, ब्राझिलियन, बर्लिनमध्येच वाढलेली तुर्की घरांतली मुलं, इंग्रजी चांगलं येणारे जर्मन आणि पर्यटक असे सगळे मिसळून बसलेले असतात. मातृभाषा इंग्रजी असणारे त्यात थोडेच. म्हणून उच्चाराची काळजी सोडून दे. अमेरिकन सूर उसना आणलास तर तो लगेच कळतो आणि माणूस खोटा वाटायला लागतो. पहिली दोन वाक्यं फक्त सावकाश बोल, तेवढ्यात लोकांचा कान तुझ्या आवाजाला बसतो.

नव्या माणसाला साधारण पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून फोनचा टॉर्च दाखवतात. तो दिसला की आवरायचं, हशा कितीही चालू असला तरी. वेळ ओलांडणाऱ्याला पुढच्या यादीत जागा मिळणं अवघड होतं आणि मला ते अगदी योग्य वाटतं, कारण ती मिनिटं मागं थांबलेल्या दुसऱ्या कुणाची तरी असतात.

आता पैसे. हा भाग नीट वाच, कारण इथं चूक झाली तर शिक्षणावर येतं. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. १ मार्च २०२४ पासूनचे हे आकडे आहेत, आधी १२० आणि २४० होते. पण ते नोकरीपुरतं. स्टेजवरचं मानधन म्हणजे स्वतंत्र व्यवसाय, आणि त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. टोपीतल्या पैशांतला वाटा हेसुद्धा उत्पन्नच. म्हणून परवानगी हातात येईपर्यंत एक युरोही घेऊ नकोस; आयोजकाला स्पष्ट सांग, तो समजून घेतो. परवानगी मिळाली की कर कार्यालयात नोंद करून कर क्रमांक घ्यायचा. छोट्या व्यावसायिकांना विक्रीकरातून सूट असते, २०२५ पासून तिची मर्यादा आदल्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंपर्यंत अशी आहे. तुला तिथवर पोचायला वेळ आहे. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं कॉमेडीतून खोलीभाडं निघेल असं गृहीत धरू नकोस. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. बर्लिनमधल्या घरभाड्यापुढं ते फार नाहीत. विद्यापीठातली किंवा कंपनीतली अर्धवेळ नोकरी आधी बघ.

होस्टिंगवर मी एवढा भर का देते ते सांगते. ओपन माइकला कॉमिक खूप येतात, चांगला होस्ट मिळत नाही. लोकांना वाटतं होस्ट म्हणजे नावं पुकारणारा. खरं तर संध्याकाळ चांगली जाणार की पडणार हे बरंचसं त्याच्यावर असतं. कार्यक्रमाआधी खुर्च्या जवळजवळ लावायच्या, पुढच्या रांगा आधी भरायच्या, कारण विखुरलेल्या माणसांचं हसू एकमेकांना लागत नाही. बाराच माणसं असली तरी जवळ बसली तर खोली भरल्यासारखी वाटते. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं स्वतःचं बोलायचं, पण सगळ्यात चांगला विनोद खर्च करायचा नाही. लोकांना ऐकायला तयार करणं एवढंच तिथलं काम. फोन बंद, मधे बोलू नका, टोपी शेवटी फिरेल, हे हसत सांगायचं.

मग मधल्या जागा. कुणाची पाच मिनिटं वाईट गेली की खोली अवघडते. होस्टनं अर्ध्या मिनिटात ती सैल करायची, आणि तीही त्या माणसाची टिंगल न करता. हा माझ्याकडं न मोडणारा नियम आहे. उतरलेला माणूस दाराशी उभा असतो, त्याला ऐकू येत असतं. उलट कुणी खोली डोक्यावर घेतली असेल तर टाळ्या पूर्ण विरू द्यायच्या, मग पुढचं नाव. आणि नाव बरोबर घ्यायचं. तुर्की, पोलिश, पोर्तुगीज, व्हिएतनामी नाव त्या माणसाला आधी विचारून, दोनदा म्हणून बघून.

इथंच आपल्या भागाचा उपयोग होतो. बेळगावच्या खडेबाजारात एकाच दुकानाच्या पायरीवर मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी ऐकत आपण वाढलो. समोरचा कुठल्या भाषेत मोकळा होईल हे त्यानं तोंड उघडायच्या आत ओळखायची सवय आपल्याला घरातून लागते. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. बेळगावच्या माणसांच्या बोलण्यातली गोडी त्यांच्या कानानं बरोबर टिपली. तो कान तुझ्याकडंही आहे. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर निवेदन केलं असशील तर लहान मुलांचा नाच, सत्कार आणि मधेच गेलेली वीज हे सगळं सांभाळलं असशील. माझं अर्धं शिक्षण तिथंच झालंय आणि ते इकडं रोज कामाला येतं.

विषयांचं म्हणशील तर आपला सीमाभाग घेऊन ये. भारतीय लग्न, तिखट जेवण, आईवडिलांचा इंजिनिअरिंगचा हट्ट हे इथल्या प्रेक्षकांनी खूप ऐकलंय. पण दोन राज्यांना हवं असलेलं एक शहर, १९५६ ची पुनर्रचना, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, दुकानाची पाटी कुठल्या भाषेत यावरून होणारं राजकारण, हे इथं कुणी सांगितलेलं नसतं. बर्लिनच्या मधोमध १९६१ ते १९८९ भिंत होती. रेषा आखल्यावर घरातली माणसं कशी बोलतात हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही. फक्त पार्श्वभूमी एका वाक्यात उरक. आपल्याकडं गोष्ट रंगवत जायची पद्धत आहे, पण पाच मिनिटांत पहिला हशा अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवा.

एक मात्र विनंती. कन्नडवर किंवा कन्नड बोलणाऱ्यांवर हसू नकोस. राजकारणावर हस, कार्यालयांवर हस, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांवर हस. क्लिप एका रात्रीत बेळगावात पोचते आणि तुझे आईवडील त्याच गल्लीत राहतात. शेजारच्या अक्कांनी तुला लहानपणी जेवू घातलं असेल, तेही लक्षात ठेव.

इथल्या दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. आपल्याकडं हिटलरचं नाव सहज विनोदात येतं; इथं ते आलं की खोली गार पडते. नाझी सलाम आणि चिन्हं यांवर तर कायद्यानं बंदी आहे, नक्कल म्हणूनही करू नकोस. दुसरं, प्रेक्षकांशी बोलतानाची क्लिप टाकायची असेल तर त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिचा चेहरा दाखवायचा नाही. लोक याबाबत फार काटेकोर आहेत. आणि बार रहिवासी इमारतीत असेल तर रात्री दहानंतर खिडक्या बंद ठेवणं होस्टचं काम. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या की कार्यक्रमाची जागाच जाते.

जर्मन शीक. स्टेजला लागत नाही, पण घर, डॉक्टर आणि टपालानं येणारी सरकारी पत्रं सगळी जर्मनमध्ये असतात.

कागदपत्रांचं: भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, ते आधी मिळव. आपल्याला पुणे-मुंबई जवळची वाटली तरी कर्नाटकातला व्हिसाचा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीच्या कक्षेत येतो, त्यामुळं मुंबईची तारीख शोधत बसू नकोस. इथं राहायला आल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते. ती आणि बँक खातं उरकलं की मला कळव. पहिल्या आठवड्यात माझ्या ओपन माइकला खुर्च्या लावायला ये, दुसऱ्यात टॉर्च धर, आणि मग यादीत पाच मिनिटांसमोर तुझं नाव मी लिहीन.