साथीत गावाशी बोलायचं कोणी? माझ्या मते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कृष्णाकाठचं चार हजार वस्तीचं गाव, तीन आठवड्यांपासून काविळीची साथ. सरपंच ग्रुपवर लिहितात, ‘एकोणीस रुग्ण, परिस्थिती नियंत्रणात.’ स्टँडजवळचे खाजगी डॉक्टर चाळीसच्या वर सांगतात. मोबाईलवरच्या एका बातमीत साठ आकडा आला. आणि तहसील कार्यालयातून निरोप एवढाच, की अफवा पसरवू नका. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात आणि विचारताय, की लोकांना नक्की कोणी सांगायचं: सरपंचांनी, डॉक्टरांनी की तहसीलदारांनी?

माझं उत्तर: तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. रोज, ठरलेल्या वेळी, स्वतः गावात येऊन. सरपंच शेजारी हवेत, पण रोगाबद्दल आणि आकड्यांबद्दल त्यांनी बोलू नये. मी सांगली जिल्ह्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो, आरोग्य पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. गॅस्ट्रो, कावीळ, चिकुनगुन्या, डेंगी, स्वाईन फ्लू आणि शेवटी कोरोना, एवढ्या साथींत घरोघर फिरून हे मत झालंय.

कारण सांगतो. पाण्यातून येणारी कावीळ ई प्रकारची असेल, तर विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुतेकांना पाच-सहा. म्हणजे आज जो रुग्ण दिसतोय, त्याने ते पाणी महिना-सव्वा महिन्यापूर्वी प्यायलंय. समजा उद्या गळती सापडली, पाइप बदलला, टाकी धुतली, टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) नीट पडायला लागली. तरी पुढचा महिनाभर नवे रुग्ण निघतच राहणार. हे गावाला पहिल्याच दिवशी सांगितलं नसेल तर पाइप बदलून पंधरा दिवस झाल्यावर लोक म्हणतात, ‘एवढी पावडर टाकून काय उपयोग झाला?’ आणि पाणी उकळायचं सोडून देतात. एका गावात सरपंचांनी अगदी चांगल्या मनाने ‘पाणी शुद्ध झालं, साथ संपली’ असा मेसेज टाकला. पुढच्या दहा दिवसांत त्यांच्याच भावकीत चार जण पिवळे झाले. त्यानंतर त्या माणसाचं खरं बोलणंही कोणी ऐकेना. टँकर किती वाजता येणार हे सुद्धा लोक दुसऱ्याला विचारून खात्री करून घ्यायचे.

गावाशी बोलणाऱ्याला एक वाक्य सांगून उठता येत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो. ‘माझी सून सातव्या महिन्यात आहे, तिला माहेरी धाडू का?’ याचं उत्तर त्याच जागी, त्याच क्षणी द्यावं लागतं. ई प्रकारच्या काविळीत गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. एरवी धडधाकट माणसाला ते फार कमी असतं. म्हणजे गावात सगळ्यात आधी कोणाच्या घरी जायचं, तर गरोदर बायकांच्या. आशाताईकडे त्यांची यादी असतेच. ‘घाबरू नका’ हा मेसेज त्या सुनेच्या काय कामाचा? तिला थोडं घाबरायलाच हवं, आणि घाबरून काय करायचं तेही कळायला हवं: पाणी खळखळून उकळूनच प्यायचं, बाहेरचं पाणी-सरबत नाही, मळमळ सुरू झाली, लघवी गडद व्हायला लागली की त्याच दिवशी दवाखाना.

आता सरपंचांबद्दल. मी त्यांच्या विरोधात लिहीत नाही. साथीत रात्री दोन वाजता जीप काढून रुग्णाला मिरजेला नेणारे सरपंच मी पाहिलेत. पण गावाच्या पिण्याच्या पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असते. ‘पाणी दूषित आहे’ हे सरपंचांनी म्हणणं म्हणजे ‘आमच्याकडून चुकलं’ असं कबूल करणं. त्यात निवडणूक जवळ असली, की त्यांनी खरं सांगितलं तरी विरोधी पॅनेलची अर्धी गल्ली ते उलटंच ऐकते. माणूस कितीही सरळ असला तरी या जागेवर बसून रोगाबद्दल मोकळं बोलणं अवघड आहे. त्यांनी पाण्याचं काय केलं ते सांगावं: गळती कुठे निघाली, टँकर कुठल्या चौकात किती वाजता, टाकी कधी धुतली, घरच्या पाण्यात टाकायच्या मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाच्या बाटल्या कुठे मिळतील. हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, आणि त्यांनी ते रोज सांगायला हवं.

तुमच्याकडचे तीन आकडे घ्या. तिन्ही खरे असू शकतात. एकोणीस हे रक्त तपासून पक्के झालेले असतील. चाळीस म्हणजे डॉक्टरांनी डोळे आणि लघवी बघून धरलेले. साठमध्ये शेजारच्या वाडीतले, सांगली-मिरजेत भरती झालेले आणि काही दोनदा मोजलेलेही असतील. आपल्या जिल्ह्यात हा घोळ व्हायला जागाही भरपूर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, शहरात महापालिकेचा वेगळा आरोग्य विभाग, आणि सांगलीचं सिव्हिल मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे तिसरं खातं. तुमच्या गावचा माणूस मिरजेत भरती झाला की तो कुठल्या यादीत धरायचा, हे कोणीतरी रोज फोन करून जुळवायला लागतं. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, तिथे लाईन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची नोंद असलेली यादी असते. म्हणून आकडा तिथूनच निघावा, आणि अर्थासकट निघावा: तपासून पक्के इतके, संशयित इतके, भरती इतके, आज नवीन इतके. आकडा वाढला म्हणून गाव बिथरत नाही. काल एकोणीस सांगून आज एकदम साठ निघाले, तर मात्र बिथरतं.

खाजगी डॉक्टरांना यात शत्रू करू नका. बऱ्याचदा साथ आधी त्यांनाच दिसते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे जाऊन चहा घ्यावा, रोजची यादी मागावी, आणि संध्याकाळच्या बैठकीत त्यांनाही बसवावं. बाहेर मात्र सगळ्यांनी एकच आकडा सांगायचा.

एक जुनी गोष्ट सांगतो, मनातून जात नाही. पावसाळ्याचे दिवस, एका गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. खालच्या वाडीची पाइपलाइन गटारीतून गेलेली होती, ती आम्हाला पहिल्या दिवशीच दिसली. पाण्याचे नमुने पाठवले. वरून निरोप आला, रिपोर्ट येईपर्यंत पाण्याबद्दल काही बोलू नका, उगाच लोक घाबरतील. मी ऐकलं. दोन दिवस आम्ही ओआरएसची पाकिटं वाटली, हात धुवा म्हणून सांगितलं, आणि नळाचं पाणी पिऊ नका एवढंच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या एक आजी गेल्या. मातीला गेलो होतो, तिथे त्यांची सून मला म्हणाली, ‘दादा, तुम्हाला दोन दिसाआधी म्हाईत हुतं न्हवं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यानंतर मी एक ठरवून टाकलं: रिपोर्ट यायचा तेव्हा येऊ दे, ‘पाण्याचा संशय आहे, आजपासून उकळून प्या’ हे त्याच संध्याकाळी सांगायचं. संशय खोटा निघाला तर चार दिवसांचा गॅस जळेल, बाकी कोणाचं काही बिघडणार नाही.

तहसीलदार आणि कलेक्टर यांचं काम वेगळं आहे, आणि मोठं आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. सगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवणं, बाजार बंद किंवा टँकरचा आदेश काढणं, पैसे सोडणं हे त्यांनीच करायचं. साथ तालुक्यात पसरली तर बोलण्याची जबाबदारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, जिल्ह्यात पसरली तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शेजारी बसून आदेशांपुरतं बोलावं. महसूल आणि पोलिसांच्या तोंडून रोगाची माहिती आली की तिचा हुकूम होतो, आणि हुकूम म्हटला की लोक रुग्ण लपवायला लागतात. १८९७च्या पुण्याच्या प्लेगात हेच झालं. घरोघर झडती घ्यायला सैनिक शिरले आणि माणसं आपले आजारी आईबाप दडवू लागली. त्याच साथीत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाईंनी, रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला प्राण सोडले. लोकांनी कोणासाठी दार उघडलं असेल, ते मला सांगावं लागू नये.

नावांचं पथ्य मात्र कडक पाळा. २३ मार्च २०२०ला इस्लामपुरात एकाच कुटुंबातले चौघे कोरोना पॉझिटिव्ह निघाले, पुढे तो आकडा पंचवीसच्या आसपास गेला. तेव्हा त्या कुटुंबाबद्दल मोबाईलवर जे जे फिरलं, त्याने जिल्ह्यातल्या किती तरी माणसांनी साधा खोकला सुद्धा लपवला. आम्ही सर्वेला दारात गेलो की आतून आवाज यायचा, ‘आमच्यात कोण आजारी न्हाई.’ गल्ली सांगा, नळाची लाईन सांगा, नाव सांगू नका. तुमच्या ग्रुपवर भरती रुग्णांची यादी कोणी टाकली असेल तर आजच काढायला लावा.

त्याच महिन्यात चिकनने कोरोना होतो म्हणून आवई उठली होती, आठवतं? पोल्ट्रीवाल्यांना पक्षी फुकापासरी द्यावे लागले, काहींनी पुरले. ‘अफवा पसरवू नका’ म्हणून अफवा थांबत नाही, हे तेव्हा पाहिलं. काविळीत तुमच्याकडे माळ घालणं, नाकात औषध सोडणं सुरू झालं असेल. डॉक्टरांनी त्यावर लोकांना हिणवू नये. बहुतेक कावीळ आपली आपण उतरते, म्हणून माळेला यश आल्यासारखं दिसतं, एवढं समजावून सांगावं. आणि शेवटी ठामपणे एक वाक्य: माळ घालायची तर घाला, पण नाकात-डोळ्यात काही सोडू नका, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा गुंगीत गेला तर त्याच तासाला सिव्हिल गाठा.

बोलणं पोचतं कुठून, तर आशांकडून. हजार वस्तीला एक आशा, म्हणजे तुमच्याकडे चौघी. ग्रुपवर मेसेज जायच्या आधी त्या चौघींना माहिती मिळाली पाहिजे. बाई भाकरी थापता थापता जे विचारते, ते ग्रामसभेत कधीच विचारत नाही. दारात उभ्या असलेल्या आशेला ‘मला पण आत्ताच ग्रुपवर कळलं’ म्हणावं लागलं, तर तिची पत त्या घरात गेली म्हणून समजा.

आणि सांगण्यापेक्षा दाखवणं किती चालतं, ते एका गावात पाहिलं. लोकांचा विश्वास उडालेला, सगळे म्हणत पावडर टाकतच नाहीत. तिथल्या डॉक्टर मॅडम सकाळी पाणी सुटायच्या वेळी पारावर आल्या. टाकीजवळच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणाल्या, ‘पिवळं म्हणजे क्लोरीन आहे.’ मग सगळ्यांना घेऊन चालत शेवटच्या गल्लीत गेल्या, तिथल्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पांढरं ते पांढरंच. एक म्हातारा नळी हातात धरून उन्हाकडे करून बघत होता. ‘आवं, पिवळं का हुईना?’ मॅडम म्हणाल्या, ‘मधे कुठेतरी घाण मिसळतेय, क्लोरीन तिथेच संपतंय. ही गल्ली आजपासून टँकरचं पाणी पिणार, आणि तेही उकळून.’ सरपंच तिथेच उभे होते. त्याच दुपारी खोदाई सुरू झाली आणि गटारीखालचा फुटका जोड सापडला. त्या गावात पुन्हा कोणी आकड्यावर भांडलं नाही.

तुमचे वैद्यकीय अधिकारी कदाचित म्हणतील, मला बोलायची परवानगी नाही. पत्रकारांशी बोलायला वरिष्ठांना विचारावं लागतं, ते खरं आहे. मार्च २०२०मध्ये राज्याने काढलेल्या नियमांतही कोरोनाची माहिती खातरजमा आणि परवानगीशिवाय पसरवायला मनाई होती, त्याची धास्ती अजून आहे. पण आपल्या हद्दीतल्या गावाला ‘पाणी उकळून प्या’ सांगणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. तरी अडलं, तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्या: रोज संध्याकाळी सात वाजता, बायका रानातून परतल्यावर, मारुतीच्या देवळासमोर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दहा मिनिटं बोलावं, आणि तोच मजकूर चावडीच्या फळ्यावर, घंटागाडीच्या स्पीकरवर आणि ग्रुपवर जावा. पत्राची पोच घ्या.

ते होईपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी पाणी सुटायच्या आधी सगळ्यात शेवटच्या नळापाशी जाऊन उभ्या राहा, आरोग्य सेवकाला ओटीचं किट घेऊन बोलवा, आणि जाताना सरपंचांनाही हाक मारा. नळी पिवळी झाली का, ते मला लिहून कळवा.