दहा वर्षांनी जँगो असेल का?

तुझं पत्र काल रात्री वाचलं. नव्या कामासाठी जँगो, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा, घेतलंस आणि आता हे दहा वर्षं टिकेल का, या विचाराने झोप उडाली आहे. काळजी रास्त आहे. पण लोकप्रियतेचे आलेख बघत बसू नकोस. सांभाळणारी माणसं बाजूला झाली तेव्हा काय घडलं, ते बघ.

जँगो सुरू झालं 2003 मध्ये, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि 2008 मध्ये त्यासाठी स्वतंत्र फाउंडेशन उभं राहिलं. 2014 च्या जानेवारीत जँगोची धुरा वाहणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांनी अखेरचा शब्द आपला असण्याचा अधिकार आपणहून सोडला. त्याच वर्षी देणग्यांच्या पैशातून मोबदला देऊन 'फेलो' नेमायला सुरुवात झाली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. तिकिटं म्हणजे अडचणींच्या नोंदी चाळायच्या, पॅच म्हणजे कोडच्या दुरुस्त्या तपासायच्या, सुरक्षेच्या तक्रारी निस्तरायच्या, रिलीज वेळेवर काढायचं, हे रोजचं काम नुसत्या हौसेवर वर्षानुवर्षं होत नाही. माणसं थकतात.

मी पोळलो ते वेगळ्याच कारणाने. एका नोकरीत आमचं सॉफ्टवेअर जँगोच्या 1.11 आवृत्तीवरच राहिलं. पायथन 2 वर चालणारी ती शेवटची आवृत्ती. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' असं म्हणत आम्ही वर्षं काढली. 2020 मध्ये पायथन 2 आणि 1.11 दोन्हींचा आधार संपला, तेव्हा सगळं एकदम उपसावं लागलं. जँगो कुठेच गेलं नव्हतं, मागे राहिलो होतो आम्ही.

म्हणून एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी, आवृत्ती धर. ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, म्हणजे पुढच्या एलटीएसवर जायला हाताशी वर्षभर असतं. टेस्ट चालवताना डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींच्या सूचना, दाबून टाकू नकोस. उद्या काय मोडणार आहे, ते त्या आज सांगतात.

खरी धास्ती मला तू वरून जोडलेल्या पॅकेजांची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची, आहे. त्यातली कितीतरी एकेकट्या माणसाच्या फावल्या वेळावर चाललेली असतात. त्यांची यादी असलेली तुझी रिक्वायरमेंट्सची फाईल पाठव. रविवारी फोनवर एकेक नाव बघू: शेवटचं रिलीज कधीचं, सांभाळतं कोण, आणि उद्या ते बंद पडलं तर तेवढा कोड तुला स्वतःला लिहिता येईल का.