देवयानीपर्यंत जाता येईल का?

प्रश्न : विज्ञानकथांतली यानं क्षणात दुसऱ्या दीर्घिकेत पोचतात. हे खरंच शक्य आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आज तरी नाही. आपल्या आकाशगंगेची मोठी शेजारीण देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. १९७७मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला १७ किलोमीटर धावतं. त्या वेगानं तिथं जायला सुमारे ४,४०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचंच वय १,३८० कोटी! कृमिविवरं, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारे कल्पित बोगदे, समीकरणांत बसतात, आकाशात एकही सापडलेलं नाही.

मला भुरळ पडते ती काळ मंदावण्याची : प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाणाऱ्या यानात काळ पृथ्वीपेक्षा हळू सरतो. पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणानं यान निम्मी वाट वेग वाढवत, निम्मी घटवत गेलं, तर प्रवाशांची जेमतेम २८ वर्षं सरतील; पृथ्वीवर मात्र २५ लाख. एवढं इंधन कुठून आणायचं हे कुणालाच सुटलेलं नाही, तरी अकरावीच्या मुलांकडून हे गणित मी फळ्यावर करून घेतोच.