पुण्यात चारचाकीचा क्लास लावण्याआधी काय तयारी करावी?

तुमचं वय 42, आजवर सायकलशिवाय काही चालवलेलं नाही आणि पुढच्या महिन्यात क्लास लावायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मी 44व्या वर्षी कोथरूडला शिकले, तेही स्कूटर येत नसताना. म्हणून मनापासून लिहितेय.

आधी लायसनचं उरकून घ्या. सारथी पोर्टलवर आधार देऊन अर्ज केला की शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या देता येते. चाळिशी उलटलीय, म्हणजे डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1-ए लागेल. शिकाऊ लायसन 6 महिने चालतं, पक्क्याची टेस्ट 30 दिवसांनंतर देता येते. पुण्यात चारचाकीची टेस्ट भोसरीला, आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते.

पण खरी तयारी नजरेची. ज्याला स्कूटर येते त्याला रस्ता आधीच वाचता येतो, आपल्याला तो येत नसतो. आणि क्लासात पहिले आठ दिवस सगळं लक्ष पायांकडेच जातं. म्हणून आत्तापासून कुणाच्याही गाडीत पुढे बसा, मोबाईल पर्समध्ये ठेवा आणि दिसेल ते तोंडाने बोला. "डावीकडून ॲक्टिव्हा घुसतेय. पीएमपीची बस स्टॉपला लागतेय, म्हणजे तिच्या मागचे सगळे आता उजवीकडे येणार." रिक्षाच्या इंडिकेटरकडे नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं. चाक जरासं तिरकं झालं की रिक्षा वळणार, हात दाखवो न दाखवो. मी महिनाभर कर्वे रोडवर नवऱ्याशेजारी बसून हेच केलं. तो वैतागला, पण पुढे स्टिअरिंग हातात आलं तेव्हा समोरचं काहीच एकदम अंगावर आल्यासारखं वाटलं नाही.

आता क्लच. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, हे कायम लक्षात ठेवा. मला ते फार उशिरा कळलं. पंधरा दिवसांत माझी गाडी एकदाही बंद पडली नाही, मी खूश. मग घरची गाडी घेऊन पौड रोडने चांदणी चौकाकडे निघाले आणि चढावर सिग्नलला थांबले. सुटताना गाडी बंद. पुन्हा चालू केली, ब्रेक सोडला, तर गाडी मागे यायला लागली. मागे शाळेची व्हॅन होती. नवऱ्याने हॅण्डब्रेक ओढला. माझे पाय इतके थरथरत होते की पेडल सापडेना. पंधरा दिवस हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, मी नाही, सरांनी सांभाळला होता.

तेव्हा पहिल्याच दिवशी सरांना स्पष्ट सांगा, "पाचव्या दिवसापासून पाय पेडलवरून काढा, गाडी बंद पडली तर पडू दे." सपाट, मोकळ्या रस्त्यावर नुसता क्लच शिकवा म्हणावं. पहिला गिअर टाकायचा, रेस (ॲक्सिलरेटर) अजिबात द्यायची नाही, क्लच हळूहळू सोडत जायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं. तिथे पाय धरून ठेवायचा. ती जागा पायाला वीस-पंचवीस वेळा सापडली की मग चढ मागा. चढावर हॅण्डब्रेक ओढलेला ठेवून ती जागा पकडायची, थोडी रेस द्यायची, मगच हॅण्डब्रेक सोडायचा.

पातळ तळाचे, मागून बंद असलेले बूट घ्या, चप्पल पेडलवरून सटकते. सीट एवढी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. उंची कमी असेल तर टणक उशी घरूनच न्या, मी अजूनही वापरते.

वेळ सकाळी साडेसहाची मागा. क्लास संपल्यावर घरच्या गाडीला पुढे-मागे लाल एल लावा, शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस हवंच. आणि ते माणूस ओरडणारं नसावं. आमच्याकडे शेवटी नवऱ्याऐवजी धाकटी नणंद बसायला लागली, तेव्हा कुठे मी दुसऱ्याच आठवड्यात तो चढ एका दमात चढले.