उत्तर व्हर्जिनियात वसंतातली रानफुलं बघायला कधी आणि कुठे जावं?

तुम्ही नुकतेच इथे राहायला आलात, वॉशिंग्टन डीसीतल्या चेरीच्या बहराची गर्दी नकोय, जंगलात ओढ्याकाठची फुलं बघायची आहेत आणि मेअखेर आई-बाबा येणार आहेत, असं लिहिलंय. मी बरीच वर्षं याच भागात राहते आणि वसंतातले शनिवार-रविवार यासाठीच राखून ठेवते, म्हणून सविस्तर लिहिते.

सह्याद्रीत रानफुलांचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. इथे ते उजेड ठरवतो. ओक, मेपल, ट्युलिप पॉपलर यांना पालवी फुटेपर्यंत ऊन थेट जमिनीवर पोचतं. तेवढ्या थोड्या आठवड्यांत ही छोटी झाडं पानं काढतात, फुलतात, बी धरतात. वर पानं दाट झाली की त्यातली बरीचशी जमिनीखालच्या कंदात परत जातात. त्यामुळे एखादा आठवडा टाळलात तर ते फूल थेट पुढच्या वर्षी.

सुरुवात सखल भागातून करा. एप्रिलच्या मध्याला सेंटरव्हिलच्या बुल रन पार्कमध्ये किंवा पोटोमॅककाठी रिव्हरबेंड पार्कमध्ये जा. पुराचा गाळ बसलेल्या जमिनीवर व्हर्जिनिया ब्लूबेल्स पसरलेल्या असतात; कळ्या गुलाबी, उमलल्या की निळ्या. त्यांच्यात स्प्रिंग ब्युटी शोधा, पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी रेघा असतात. ती ढगाळ हवेत मिटून बसते, म्हणून उन्हाच्या दुपारीच जा. तिथेच जमिनीलगत चकचकीत पिवळ्या फुलांचा गालिचा दिसेल. तो लेसर सेलंडाइन, युरोपातून आलेला. दिसायला देखणा, पण लवकर उगवून इथल्या फुलांची जागा बळकावतो. मला तो बघवत नाही.

मग वसंताच्या मागोमाग डोंगर चढायचा. ढोबळ हिशेब असा की वसंत दिवसाला साधारण शंभर फूट वर सरकतो. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, लिंडनजवळचं थॉम्पसन वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया. एकच जागा बघायची असेल तर हीच. अख्खा उतार ट्रिलियमने पांढरा झालेला असतो. तीन पानं, तीन पाकळ्या, आणि फूल जुनं होईल तशी गुलाबी झाक. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात वर्षं तरी जातात. बियांना मुंग्यांना आवडणारा स्निग्ध तुकडा चिकटलेला असतो, त्यासाठी त्या बी वाहून नेतात. फुलाबरोबर ती तीन पानं खुडली गेली तर कंदाला अन्न मिळत नाही, झाड मरूही शकतं. कृपा करून हात लावू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांना इथे परमिट किंवा शिकार-मासेमारीचं लायसन्स लागतं. टर्कीच्या शिकारीचा मोसमही तेव्हाच असतो, भडक नारिंगी कपडे घाला.

ट्राउट माशांच्या ओढ्यासाठी शेननडोआ नॅशनल पार्क. पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावरच्या मिलम गॅपपासून मिल प्राँग ओढ्याच्या कडेने रॅपिडान कॅम्पपर्यंत उतरा, जाऊन-येऊन चारेक मैल. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी 1929 मध्ये इथे सुट्टीचं ठिकाण बांधलं. वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत, डास पोचत नाहीत इतक्या उंचीवर आणि ट्राउटच्या ओढ्याकाठी, अशा त्यांच्या अटी होत्या. इथला ब्रूक ट्राउट मूळचा इथलाच, त्याला थंड, स्वच्छ पाणी लागतं. एप्रिलमध्ये फुलांना ऊन देणारी हीच झाडं उन्हाळ्यात ओढ्यावर सावली धरून ते पाणी थंड ठेवतात. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, म्हणून खालच्या बाजूने हळूहळू वर या; दगडाआडून हलणारी सावली दिसेल. काठावर ट्राउट लिली शोधा. पिवळं फूल खाली झुकलेलं, आणि पानांवर ब्रूक ट्राउटच्या पाठीसारखीच तपकिरी नक्षी.

घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा. गोचीड चावल्याने होणारा लाइम रोग इथे खरोखर होतो.

आई-बाबांना मिल प्राँगचा परतीचा चढ जड जाईल. त्यांना स्कायलाइन ड्राइव्हवरच्याच लिंबरलॉस्ट ट्रेलला न्या. सव्वा मैलाची सपाट वाट आहे, व्हीलचेअरही जाते, मध्ये ओढा आहे आणि बसायला बाक आहेत. मेअखेर ट्रिलियम संपलेलं असेल, पण गुलाबी अझेलिया असते, आणि ते जूनपर्यंत राहिले तर त्याच वाटेवर माउंटन लॉरेल फुललेलं मिळेल.