वाचकांचे प्रश्न : एकाच फेरीत पक्षी आणि हरीण, बंदूक कोणती?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत मिनेसोटात नोकरीला आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. नोव्हेंबरात मी त्याच्याकडे जाणार आहे. रानात एकाच फेरीत ग्राउस पक्षी आणि हरीण दोन्ही टिपता येतील अशी एक बंदूक घ्यायचं त्याच्या मनात आहे. दुकानदार बदलायच्या दोन नळ्यांचा जोड मिळणारी पंप-अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची एकनळी) घ्या म्हणतो. ती घ्यावी का? मी साठी ओलांडली आहे, पण मलाही चालवायची आहे. (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : बंदुकीआधी तारखा पाहा. मिनेसोटात ग्राउसचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि नोव्हेंबरातल्या हरणाच्या हंगामातही चालू असतो, म्हणून तुमचा बेत जमतो. शेजारच्या मिशिगनमध्ये ग्राउस १४ नोव्हेंबरला बंद होतो आणि बंदुकीने हरणाची शिकार १५ला सुरू होते. तिथे हा प्रश्नच आला नसता.

आता पंप. सकाळी हरीण आणि दुपारी पक्षी असा बेत असेल तर ती चांगली. एकाच फेरीसाठी मात्र आम्ही ती सुचवणार नाही. नळी बदलायची तर आधी बंदूक पूर्ण रिकामी करा, मग मॅगझिनची टोपी फिरवून काढा, जुनी नळी ओढा, नवी बसवा. ग्राउस पायाखालून उडतो आणि दोन सेकंदांत झाडाआड जातो. एकाच नळीवर भागवायचं म्हटलं तर कक्षेत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, जे काडतूस आहे तेच आधी उडणार. छर्रा भरलेला असताना समोर हरीण आलं की तो बाहेर काढून गोळी चढवायची, आणि पंपाच्या खडखडाटाने हरीण केव्हाच पसार झालेलं असतं. जोडातली दुसरी नळी बहुधा आतून आटे (पिळाच्या खाचा) पाडलेली असते. ती सॅबो गोळीसाठी (प्लास्टिकच्या खोळीतली गोळी) उत्तम, पण तिच्यातून छर्रा सोडला तर तो गोल फिरत जातो आणि कड्यासारखा पसरतो. मधोमध भोक राहतं आणि पक्षी नेमका त्यातून निसटतो.

म्हणून दुनळी घ्या, वर-खाली नळ्यांची, बारा किंवा वीस बोअर, चोक (नळीच्या तोंडाचं अरुंदपण) बदलता येणारी. दोन्ही नळ्यांना इम्प्रूव्हड सिलिंडर चोक लावा. गंमत अशी की गर्द झाडीत १५ ते २५ मीटरवरच्या ग्राउसला हाच उघडा चोक लागतो, आणि आटे नसलेल्या नळीतून जाणारी फॉस्टर जातीची गोळीही याच चोकमधून सरळ जाते. फुल, म्हणजे सर्वात अरुंद चोकमधून गेली तर तिचा नेम बिघडतो. खालच्या नळीत साडेसात नंबरचा (बारीक) २८ ग्रॅम छर्रा, वरच्या नळीत गोळी. दोन चाप असतील तर सोन्याहून पिवळं, कारण कोणती नळी हे बोटानेच ठरतं. एकच चाप असेल तर नळी निवडणारी कळ असतेच, पण घाईत ती विसरली जाते. साडेसातचा छर्रा हरणाला मारत नाही, नुसता जखमी करतो. उलट चुकून गोळी उडत्या पक्ष्यावर गेली तर ती अर्ध्या किलोमीटरपलीकडे कुठे पडेल याचा भरवसा नाही.

पैसा असेल तर जर्मन 'ड्रिलिंग' याच कामासाठी बनलेली आहे : वर दोन छऱ्याच्या नळ्या, खाली एक रायफलची. कळ पुढे सरकवली की पुढचा चाप रायफलला जोडला जातो. पण ती महाग, आणि जुनी घेतलीत तर खालच्या नळीचं काडतूस मिळतं का हे आधी विचारा.

नेम पडताळल्याशिवाय रानात जाऊ नका. पक्ष्यांसाठीच्या बंदुकीला बहुधा पुढे फक्त माशी (नेमाचा मणी) असते, मागे काही नाही. त्यामुळे डोकं दस्त्यावरून जरा उचललं तरी गोळी वर लागते. २५ मीटरवर तीन गोळ्या झाडा, मग ५० वर. सगळ्या २० सेंटिमीटरच्या ताटलीत बसल्या तर तुमची मर्यादा ५० मीटर. नाही बसल्या तर अंतर कमी करा. गोळीचा ब्रँड बदललात तर पुन्हा पहिल्यापासून, कारण प्रत्येक कंपनीची गोळी वेगळ्या जागी पडते. मिनेसोटात हरणावर मोठे छर्रे (बकशॉट) चालत नाहीत. एकच गोळी लागते.

दुसरी बंदूक वीस बोअरची असेल तर तिची काडतुसं एकाच खिशात टाकू नका. वीसचं काडतूस बारीक, ते बाराच्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून बाराचं भरता येतं, आणि नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी. ग्राउसऐवजी बदकाकडे वळलात तर तिथे १९९१पासून देशभर शिशाच्या छऱ्यावर बंदी आहे, आणि बदकामागे असताना ती काडतुसं जवळ बाळगणंही चालत नाही.

कागदपत्रं : पर्यटक व्हिसावरचा परदेशी माणूस बंदूक किंवा काडतूस हाताळू शकत नाही, पण वैध शिकार परवाना जवळ असेल तर ही बंदी लागत नाही. एच-वन-बीही त्याच वर्गात मोडतो, म्हणून मुलाने आधी परवाना काढावा, मग दुकानात जावं. ३१ डिसेंबर १९७९नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्रही लागतं. त्याला लागेल, तुम्हाला नाही. अंगात भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जाकीट आणि डोक्यावर तशीच टोपी सक्तीची.

प्रश्न : आजोबांच्या बारा बोअर दुनळीच्या नळ्या आतून गुळगुळीत आहेत, फक्त तोंडाशी आटे आहेत. कोणी बिघडवली की मुळातच तशी? (रामटेक)

उत्तर : बिघडवलेली नाही. हा वरच्या पहिल्या प्रश्नाचाच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तोडगा. फॉस्बरी यांनी १८८५मध्ये पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंडने 'पॅराडॉक्स' नावाने बंदूक काढली. तशीच आणखी काहींनीही केली, म्हणून नळीवरचं नाव वाचा. गुळगुळीत भागातून छर्रा जातो, तोंडाजवळचे आटे जड गोळीला फिरकी देतात, आणि शंभर यार्डांपर्यंत ती नीट लागते. तरीही आजचं काडतूस तीत भरू नका. जुन्या बंदुकांची कक्षा बहुधा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचं काडतूस तीत मावतं, पण बार उडताना काडतुसाचं उघडणारं तोंड पुढच्या अरुंद भागात जातं आणि दाब वाढतो. कक्षा आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून मोजून घ्या.

आजोबा हयात नसतील आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम २१प्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा. मग वारस म्हणून अर्ज करा : रामटेकसाठी जिल्हाधिकारी कार्यालय, नागपूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्त.

प्रश्न : चितळांनी हरभरा खाल्ला. परवान्याची बंदूक घरात आहे. चालवू का? (उमरेड)

उत्तर : नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ९ने शिकार बंद आहे, आणि शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाच्या नासाडीसाठी कलम ११मध्ये लेखी परवानगीची वाट आहे, पण ती वनाधिकाऱ्याने द्यायची असते आणि बार काढण्याआधी हातात असावी लागते. परवानगीने मारलेला प्राणीही सरकारचाच, मांस घरी नेता येत नाही. आधी वनविभागाकडे नुकसानीचा अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेली झाडं उपटू नका.