हॅपी एंड की हाप्पीएंदो?

प्रश्न असा आला आहे: १९७०च्या सुमाराच्या एका जपानी रॉक बँडचं नाव बहुतेक ठिकाणी इंग्रजी 'हॅपी एंड' असं दिसतं. मराठी लेखात तेच ठेवावं, की जपानी उच्चाराप्रमाणे लिहावं?

माझं मत स्पष्ट आहे. 'हाप्पीएंदो' लिहावं, तेही जोडून. शब्द मुळात इंग्रजी, मग हा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण परभाषेतले शब्द लिहायला जपानीत काताकाना ही वेगळी लिपी आहे; हिरागाना असते घरच्या शब्दांना आणि प्रत्ययांना. या चौघांनी नाव मुद्दाम हिरागानात लिहिलं. 'हॅपी एंड' लिहून आपण त्यांचं ते करणं पुसून टाकतो.

बँडचं कामही याच जातीचं होतं. होसोनो हारुओमी, ओताकी एईची, मात्सुमोतो ताकाशी आणि सुझुकी शिगेरू यांचा पहिला अल्बम ऑगस्ट १९७०मध्ये निघाला. रॉकच्या ठेक्यात जपानी बसते का, यावर तेव्हा चांगलीच जुंपली होती. रॉक गायक उचिदा यूया यांच्यासारख्यांचं म्हणणं, रॉक इंग्रजीतच गावं, तरच ते जगापुढे जाईल. हाप्पीएंदोची बहुतेक गाणी लिहिणारे मात्सुमोतो बँडचे ड्रमरही होते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ठेका धरणाऱ्याच्याच हाती शब्द होते. नोव्हेंबर १९७१च्या 'काझेमाची रोमान'मधलं 'काझे ओ आत्सुमेते' ऐका. होसोनो अगदी सहज, बोलल्यासारखं गातात. कुठेही अक्षर ओढूनताणून बसवलेलं नाही. (अल्बमच्या नावातला 'रोमान'ही परका शब्द, आणि तोही हिरागानात.) २००३च्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या चित्रपटामुळे हे गाणं जपानबाहेरही पुष्कळांच्या कानी पडलं.

आता अक्षरांकडे. जपानी उच्चार मात्रांवर चालतो, आणि मात्रावृत्तांची सवय असलेल्या आपल्याला तो लवकर उमगावा. हा-प्-पि-इ-ए-न्-दो, अशा सात मात्रा. जोडाक्षरातल्या अर्ध्या 'प्'लाही पूर्ण मात्रा मिळते, म्हणून 'हापी' चालणार नाही. अडचण 'दो'ची आहे. जपानीत तो ऱ्हस्व, आपला ओकार मात्र नेहमी दोन मात्रांचा, त्यामुळे आपल्या हिशेबाने आठ होतात. देवनागरीत याला सोपा उपाय नाही. लिहावं 'दो', म्हणताना आखूड म्हणावं. 'डो' मात्र नको. होंडा, टोयोटा यांतले ट-ड इंग्रजीच्या वाटेने आले; जपानी उच्चार आपल्या त-दला जवळचा आहे.

'ओहताकी' असंही लिहू नये. रोमनमधला तो 'एच' फक्त 'ओ' दीर्घ असल्याची खूण आहे, आणि आपला 'ओ' दीर्घच असतो.

एक अपवाद मात्र पाळायला हवा. तिसरा अल्बम १९७२मध्ये लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला आणि बँड फुटल्यावर, १९७३च्या सुरुवातीला निघाला. पहिल्या अल्बमसारखं यालाही बँडचंच नाव आहे, पण ते त्यांनी स्वतःच रोमन अक्षरांत दिलं. तेव्हा अल्बम पहिला असेल तर 'हाप्पीएंदो', तिसरा असेल तर 'हॅपी एंड'.